शिशाच्या जुन्या तोफा: पांढरी पूड, मोडलेली चाकं आणि पावसाळ्यातलं कपाट

खडापहारा

मंडळी, युद्धखेळातल्या जुन्या तोफांची एक पेटी दुरुस्तीला घेतली आहे. जागा ठाणे, खाडीच्या बाजूचं घर, जून ते सप्टेंबर भिंतींना ओल. पेटीतला माल असा:

ब्रिटन्सची (ब्रिटन्स, डिंकी, एअरफिक्स या ब्रिटिश खेळणी कंपन्या) ४.७ इंची नौदल तोफ, ५४ मिमी उंचीच्या सैनिकांच्या मापाची. स्प्रिंग बसली आहे, लाकडी गोळा तोंडातून बाहेर येतो आणि तिथेच घरंगळतो. ब्रिटन्सचाच पहाडी तोफखाना, म्हणजे खेचरं आणि सुटी होणारी तोफ. दोन खेचरांचे पाय मोडलेत, एका चाकाचे तीन आरे गायब आहेत. या सगळ्यावर, विशेषतः खेचरांच्या पोटाखाली, बुरशीसारखी पांढरी पूड आहे. डिंकीचा १६२ क्रमांकाचा १८ पौंडी (गोळ्याच्या वजनावरून नाव) तोफेचा संच. गाड्यावर केसासारख्या भेगा. डिंकीचीच २५ पौंडी तोफ, लिंबर (तोफेला जोडायची दारूगोळ्याची दुचाकी गाडी) आणि ती ओढणारा ट्रॅक्टर. त्यावर कोणीतरी ब्रशने जाड हिरवा ॲक्रिलिक फासलाय, खाली मूळ रंग दिसतो. आणि एअरफिक्सचे मऊ प्लास्टिकचे थोडे गोलंदाज.

पूड कशी काढावी? रंग पूर्ण उतरवून नव्याने मारावा का? चाक आणि स्प्रिंगचं काय? ठेवायला सागवानी चौकटीचं काचेचं कपाट आहे, मागे प्लायवूड. महिन्यातून एकदा तोफा टेबलावर खेळात उतरवायच्याही आहेत, नुसत्या शोभेला नकोत.

कथीलवाला

रंगाचा डबा उघडण्याआधी धातू ओळखा. पेटीत दोन वेगळे धातू आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला मारक ठरतो. ब्रिटन्सचे जुने नग शिशाचे, त्यात थोडं अँटिमनी. डिंकीचे जस्ताच्या मिश्रधातूचे, ज्याला मॅझॅक म्हणतात. तळाची न दिसणारी कड पांढऱ्या कागदावर हलकी ओढा. शिसं पेन्सिलीसारखी राखाडी रेघ सोडतं, जस्त सोडत नाही. हातातही फरक कळतो: शिशाची घनता ११.३, मॅझॅकची ६.७ च्या आसपास.

ती पांढरी पूड बुरशी नाही. तो सफेदा आहे, रंगाच्या दुकानात पूर्वी मिळायचा तोच, म्हणजे शिशाचा कार्बोनेट. जुन्या काळी सफेदा करताना शिशाच्या पट्ट्या व्हिनेगरच्या वाफेत, कुजणाऱ्या शेणाच्या उबेत महिनोन्‌महिने ठेवत. आम्लाची वाफ, ओल आणि कार्बन डायऑक्साइड एवढंच लागतं. तुमच्या पेटीत नेमकं तेच चाललंय: लाकूड आणि पुठ्ठा ॲसेटिक आम्ल सोडतात, ठाण्याची हवा ओल पुरवते. एकदा सुरू झालं की आम्ल शिसं खातं, कार्बोनेट बनताना पुन्हा मोकळं होतं आणि पुढचं शिसं खायला घेतं. म्हणून नुसती पूड पुसून त्याच पेटीत ठेवलं तर चार-सहा महिन्यांत परत तेच.

आता काढायचं कसं. पूड विषारी आहे, फुंकर अजिबात मारू नका. एन-९५ मास्क, हातमोजे, खाली ओला कागद. घरातला व्हॅक्यूम क्लीनर वापरायचा नाही. बारीक पूड त्याच्या पिशवीतून पार होऊन घरभर पसरते. ज्या टेबलावर जेवता तिथे हे काम नको.

रंग शाबूत असलेल्या भागावर: मऊ ब्रश आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओला करून पूड टिपायची, घासायची नाही. कोपऱ्यात बांबूचा टूथपिक. खाली गेलेला खड्डा तसाच राहील, तो भरू नका. पापुद्रे सुटलेला रंग आधी जागेवर बसवा, मग साफसफाई. उलट केलंत तर ब्रशला रंग चिकटून येईल. त्यासाठी पॅरालॉइड बी-७२ (संग्रहालयांत वापरतात ती ॲक्रिलिक राळ) चं ५ टक्क्यांचं पातळ द्रावण पापुद्र्याच्या कडेला ०००० नंबरच्या ब्रशने टेकवायचं, ते आपोआप आत ओढलं जातं. मात्र ते ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं असतं, म्हणून आधी तळाला एका ठिपक्यावर तपासा. रंग सुटला तर थांबा.

रंगच नसलेल्या उघड्या भागावर, उदाहरणार्थ सुटं चाक: डायसोडियम ईडीटीएचं (धातूचे क्षार धरून विरघळवणारं रसायन) ५ टक्के द्रावण, १०० मिलि पाण्यात ५ ग्रॅम. दर १० मिनिटांनी बाहेर काढून मऊ ब्रशने पाहायचं, पांढरं गेलं की लगेच थांबायचं, कारण नंतर ते धातूलाही लागतं. धुताना बहुतेकजण इथे चुकतात. शुद्ध म्हणून थेट डिस्टिल्ड पाण्यात धुतात. त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड शिशाला चावतो. पाणी खळखळून उकळा, झाकण लावून गार करा, मग धुवा आणि ताबडतोब ड्रायरच्या कोमट हवेने वाळवा. वापरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका; बाटलीत भरून, ‘शिसे’ लिहून, घातक कचऱ्यात द्या.

चिंच, लिंबू, व्हिनेगर, तांब्याची भांडी घासायची पूड, यातलं काहीही शिशाजवळ आणू नका. पितळेचा तांब्या चकाकतो म्हणून तोफही चकाकेल हा हिशेब इथे लागू नाही.

शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेण (खनिज तेलापासूनचं), अगदी पातळ हात, मऊ कापडाने. मधमाशीचं मेण नको, त्यात स्निग्ध आम्लं असतात.

रंग पूर्ण उतरवायचा? नाही. ब्रिटन्सच्या तोफेवर निम्म्याहून जास्त मूळ रंग असेल तर नवा रंग म्हणजे तोफ निकालात काढणं. शिवाय त्या काळच्या रंगातही शिसं असतं. कोरड्या पॉलिश पेपरने घासाल तर ती धूळ थेट छातीत.

जस्तभेग

१६२ च्या संचाबद्दल. बातमी चांगली नाही. केसासारख्या भेगा, कडा फुगणं, गाडा किंचित वाकणं ही जस्ताच्या रोगाची खूण आहे. मॅझॅक ओतताना त्यात शिसं, कथील किंवा कॅडमियम नको तितकं मिसळलं गेलं की काही वर्षांनी धातूच्या कणांच्या सीमांवरून आतल्या आत गंज धावतो. नको तितकं म्हणजे फार नव्हे, टक्क्याचे काही हजारांश पुरतात. कारखान्यात शिशाचे सैनिक आणि जस्ताच्या गाड्या शेजारी ओतल्या जात, भंगार मिसळायला वेळ लागत नसे. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या मालात हा रोग जास्त, नंतरच्यात क्वचित. पण हाच संच युद्धानंतरही विकला गेला, म्हणून नुसत्या क्रमांकावरून वर्ष ठरवू नका. भेगाच खरं सांगतात.

यावर इलाज नाही. हा रोग एका नगातून दुसऱ्यात पसरत नाही, तेव्हा वेगळी खोली करायची गरज नाही. ओल आणि उष्णता मात्र त्याला घाई करतात. गरम पाण्यात बुडवू नका, भेगेत सुपरग्लू सोडून चिमट्यात दाबू नका, आणि चाकं काढायचा मोह टाळा. डिंकीच्या आसाचं टोक ठोकून पसरवलेलं असतं. ते कानशीने घासून आस उपसताना रोगट गाड्याचा कान हातात येतो. गाड्याच्या आकाराची मऊ पॉलिथिलीन फोमची बैठक कापा, वजन चाकांवर न येता गाड्यावर विसावेल अशी. आत्ताच सगळ्या बाजूंनी पट्टी शेजारी ठेवून फोटो घ्या, व्हर्नियरने मापं लिहून ठेवा. खेळायला त्या मापांवरून रेझिनमध्ये थ्री-डी प्रिंटरने छापलेली जुळी तोफ वापरा. मूळ तोफ टेबलावर नको, कितीही जपलं तरी.

२५ पौंडीचं उलट आहे. ती बहुतेक ठणठणीत असेल आणि तिच्यावरचा ॲक्रिलिक निघेल. कारखान्यातला भट्टीत भाजलेला इनॅमल आयसोप्रोपिल अल्कोहोलला बऱ्यापैकी टिकतो, वरचा ॲक्रिलिक टिकत नाही. कापसाची काडी ९९ टक्के अल्कोहोलात भिजवून तळाला ३० सेकंद टेकवा. काडीवर जाड हिरवट साय आली आणि खालचा रंग चमकदार राहिला तर पुढे जा. एका वेळी पैशाएवढी जागा, दर वेळी नवी काडी. थिनर किंवा ॲसिटोन लावलंत तर दोन्ही थर एकदम जातील. कॉस्टिक सोडा तर मॅझॅकला बुडबुडे आणून काळा पाडतो.

मऊ प्लास्टिकच्या गोलंदाजांवर जुना ॲक्रिलिक असेल तर डेटॉलमध्ये रात्रभर. सकाळी काढल्यावर सरळ पाण्याखाली धरू नका. रंगाची साय पाणी लागताच चिकट डिंकासारखी होते. आधी स्वच्छ डेटॉलमध्येच ब्रशने धुवायचं, मग भांड्यांचा साबण, मग पाणी. एखाद्याची संगीन वाकवून पाहा, पण हळू. जुनं पॉलिथिलीन ठिसूळ झालं असेल तर ते वाकत नाही, मोडतं, आणि त्यावरही उपाय नाही.

अवांतर: खरी २५ पौंडी म्हणजे ८७.६ मिमी तोंडाची, सहा गोलंदाजांची. दिल्लीत प्रजासत्ताक दिनाची २१ तोफांची सलामी याच तोफा देत असत. २०२३ पासून ते काम १०५ मिमी भारतीय फील्ड गनकडे गेलं.

कानसनंबरदोन

यांत्रिक भाग माझ्याकडे.

खेचरांचे पाय. ब्रिटन्सची पोकळ ओतीव पद्धत १८९३ ची: साच्यात शिसं ओतायचं, कडेचं थिजलं की आतलं परत ओतून टाकायचं. त्यामुळे धड म्हणजे पातळ कवच, पाय मात्र बहुधा भरीव. साधी ६०/४० डाख (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) १८३ ते १९० अंशांना वितळते, पण गरम सोल्डरिंग गन ३५० अंशांवर असते आणि शुद्ध शिसंसुद्धा ३२७ ला पाणी होतं. अँटिमनीमुळे हे मिश्रण २५० च्या आसपासच ढिलं पडायला लागतं. गन टेकवलीत की पोटाला भोक. म्हणून पायाला डाख नको, खुंटी आणि अराल्डाइट.

०.५ मिमी पितळी तार, हातड्रिलमध्ये ०.५५ चं टोक, दोन्ही बाजूंना ४ ते ५ मिमी खोल. मऊ शिसं ड्रिलच्या खाचेत भरतं आणि टोक आत मोडतं. रॉकेलचा थेंब सोडा, दर अर्ध्या वळणाला बाहेर काढून पुसा. तुटलेल्या एका टोकाला रंगाचा ठिपका देऊन दुसरं टेकवलं की समोरचं भोक कुठे पाडायचं ते कळतं. लोखंडी टाचणी घालू नका, ती गंजून फुगते आणि पाय उभा चिरते. जुन्या दुरुस्त्यांत काडेपेटीची काडी सापडते, ती दिसली की काढा. लाकूड ओल धरतं आणि वर कथीलवाल्यांनी सांगितलेलं आम्लही सोडतं. अराल्डाइट २४ तासांत घट्ट होणारं घ्या, ५ मिनिटांचं नको. फेविक्विकची वाफ आजूबाजूला पांढरा धुरकट थर सोडते, आणि मग तुम्ही तो सफेदा समजून घाबराल.

चाक. तीन आरे गेलेत म्हणजे बाकीच्यांवर भार आहे, तशी तोफ उभी ठेवू नका. दोन रस्ते. धाव (बाहेरची कड) आणि तुंबा (मधला गाभा) शाबूत असेल तर चांगलं चाक पातळ ब्रासच्या पत्र्यावर ठेवून रेघून घ्या, त्या रेघांवर मोडकं चाक चिकटपट्टीने बसवा आणि पितळी तारेचे आरे कापून मध्ये टेका. डाख द्यायची तर बिस्मथ-कथिलाची, १३८ अंशांना वितळणारी. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे ती पेस्ट पिचकारीत मिळते. तापमान ठरवता येणारी गन १७० ते १८० वर, टेकवून दीड-दोन सेकंद. दोन गोष्टी ध्यानात असू द्या. एक, हा जोड ठिसूळ असतो आणि त्यात शिसं मिसळलं की मिश्रण शंभर अंशांच्या आतही वितळू शकतं, म्हणून त्याच जागी दुसऱ्यांदा गन नेली तर आधीचा आरा गळून पडतो. सगळे आरे बसवून एका फेरीत काम उरका. दोन, फ्लक्स राळेचा वापरा. पत्रेवाल्यांचा जस्त क्लोराइडचा फ्लक्स राहिला तर वर्षभरात पुन्हा पांढरं.

दुसरा रस्ता, शेजारच्या चांगल्या चाकाचा सिलिकॉन साचा. दोन अर्ध्यांचा, मधल्या रेषेवर मॉडेलिंग क्लेत चाक निम्मं बुडवून. पहिला अर्धा जमल्यावर दुसरा ओतायच्या आधी व्हॅसलिनचा पुसट हात, नाहीतर दोन्ही अर्धे एकजीव होतात. क्ले गंधकविरहित घ्या, गंधकाने प्लॅटिनम सिलिकॉन जमतच नाही, चिकट राहतं. साच्यात रेझिन ओता, काम झालं. धातूच हवा असेल तर उष्णता सोसणारं सिलिकॉन आणि कथील. कल्हईवाल्याकडचं चांगलं कथील २३२ अंशांना वितळतं. साचा आदल्या रात्री उबेत वाळवा, आत टाल्कम पावडर भुरभुरवून झटका. ओला साचा कथिलाचे थेंब डोळ्यांपर्यंत उडवतो, चष्मा सक्तीचा. नव्या चाकाच्या आतल्या बाजूला ‘प्रत’ कोरा. उद्या ही तोफ विकली गेली तर घेणाऱ्याला कळायला हवं.

वाकलेली धाव सरळ करायची तर चाक गरम पाण्यात, साधारण ८० अंश, दोन मिनिटं. मग दोन सपाट लाकडांमध्ये हळूहळू दाब. एका दाबात सरळ करायला गेलात तर अँटिमनीमुळे कटकन तुटेल. रंग असलेलं चाक बुडवू नका.

स्प्रिंग. जुनी बाहेर काढून चार मापं घ्या: तारेची जाडी, बाहेरचा व्यास, वेढे, मोकळी लांबी. सगळ्यात महत्त्वाची जाडी, कारण ताकद जाडीच्या चौथ्या घाताने वाढते. ०.४ ऐवजी ०.५ मिमी तार घेतली तर ती जवळजवळ अडीचपट जोर करते. तोफ जोरात उडेल, आणि स्प्रिंग अडवणारा ऐंशी-नव्वद वर्षांचा ओतीव दात तिसऱ्या बारालाच निघून येईल. शंका असेल तर कमकुवत बाजूला झुका. बॉलपेनची स्प्रिंग बऱ्याचदा कापून चालते, कापलेलं टोक मेणबत्तीवर लाल करून सपाट बसवा. जुनी स्प्रिंग ताणून लांब करणं निरुपयोगी, दहा-बारा बारांत परत बसते.

खडापहारा

कागदावर रेघ ओढून पाहिली. दोन्ही ब्रिटन्स राखाडी, दोन्ही डिंकी कोऱ्या. पूड अल्कोहोलने सुटते आहे. खेचरांच्या खुंट्या लागल्या. पण आता कपाटाची धास्ती वाटते. सागवान तर उत्तम लाकूड ना? आणि आत फेविकॉलने मखमल चिकटवायचा बेत होता.

काचपेटी

बेत रद्द करा. दोन्ही.

सागवान वाळवीला उत्तम, शिशाला नाही. ओक आणि चेस्टनट सगळ्यात वाईट, सागवान त्यांच्याहून सौम्य, पण बंद काचेत तेही पुरेसं आम्ल साठवतं. पाठीमागचं प्लाय, आणि कोणी एमडीएफच्या (लाकडाच्या भुशाच्या दाबीव) फळ्या टाकल्या तर त्या, सागवानाहून वाईट: डिंकातून फॉर्मल्डिहाइड, त्याचं पुढे फॉर्मिक आम्ल. लाकडाला पॉलिश किंवा तैलरंग दिल्याने वाफ थांबत नाही, उलट ताजा तैलरंग स्वतःच काही महिने सोडत राहतो. फेविकॉल हा पॉलिव्हिनिल ॲसिटेट, नावातच ॲसिटेट आहे. काच बसवायचं आंबट वासाचं सिलिकॉन म्हणजे तर थेट व्हिनेगर. दुकानात ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं मागा. लोकरीची बनात गंधक सोडते, ती शिशाला काळपट करते.

चांगलं कपाट म्हणजे काच आणि ॲल्युमिनियम, किंवा भट्टीत भाजलेला पावडर कोटिंगचा पत्रा. फळ्या काचेच्या किंवा ॲक्रिलिकच्या. सागवानी कपाट टाकवत नसेल तर ते बाहेरचा देखावा म्हणून ठेवा आणि आत ॲक्रिलिकची वेगळी घट्ट पेटी बसवा. ॲल्युमिनियमचा थर असलेला कागद लाकडाला आतून चिकटवतात, तोही उपाय आहे, पण एक सांधा उघडा राहिला की श्रम वाया.

ओल. शिशासाठी सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली, ४० ते ४५ ला स्थिर राहिली तर उत्तम. सिलिका जेलचा संग्रहालयांतला ढोबळ हिशेब घनमीटरला २० किलो. तुमची पेटी ९० × ४० × ३० सेंमी असेल तर आकारमान १०८ लिटर, म्हणजे जेल सुमारे २ किलो. बुटाच्या खोक्यातल्या दोन पुड्यांनी काही होत नाही, हे एवढ्यासाठी लिहिलं. जेल फळीखालच्या उथळ ट्रेमध्ये पसरा, वर जाळी. निळं जेल नको, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, नारिंगी घ्या. रंग उतरला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास. पावसाळ्यात दार रोज उघडलंत तर आठवड्याला हे करावं लागेल, म्हणून दाखवायला काच आहे, दार नाही, हे घरच्यांना पटवा. आत छोटा आर्द्रतामापक, आणि सक्रिय कोळशाची एक जाळीदार पिशवी. ती वाफा शोषते, पण वर्षाला बदलावी लागते.

पहारेकरी म्हणून एक स्वस्त युक्ती: मासेमारीच्या गळाचं शिसं, कोळ्यांच्या बाजारात मिळतं. चाकूने खुरपून एक बाजू चकचकीत करा आणि पेटीच्या कोपऱ्यात ठेवा. काही दिवसांत ती राखाडी मंद होईल, ते स्वाभाविक. पांढरे ठिपके आले तर पेटीत आम्ल आहे, आणि तोफांच्या आधी ते तुम्हाला कळलं. नव्या पेटीत आधी महिनाभर एकटं हे शिसंच ठेवा.

डांबरगोळ्या आणि कापूर आत नको, प्लास्टिकचे गोलंदाज आणि रंग त्याने मऊ पडतात. वर्तमानपत्रात गुंडाळणं बंद. मूळ लाल खोकी असतील तर जपा, पण वेगळी. त्यांचा पुठ्ठा आम्लधर्मी असतो आणि तोफा त्यात ठेवायच्या नाहीत. दिवे एलईडी, त्यांचा ड्रायव्हर पेटीबाहेर.

मांडणीबद्दल एकच. पहाडी तोफ म्हणजे २.५ इंची, तोंडातून भरायची, नळी दोन तुकड्यांत, मध्ये आट्यांनी जोडायची. हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर १८७९ नंतर वापरात आलेली. नळीचे दोन्ही भाग मिळून ४०० पौंड. अखंड नळी एका खेचराला झेपली नसती, म्हणून ती कापली. तोफ आणि गाडा मिळून पाच खेचरं. तेव्हा नळीचा एक तुकडा एका खेचरावर, दुसरा दुसऱ्यावर, मग गाडा, मग चाकं, अशी ओळ लावा. ओझ्याचे भाग ढिले असतात. ते जागी राहावेत म्हणून ब्लू-टॅक लावू नका, तेलकट डाग पडतो. मायक्रोक्रिस्टलाइन मेणाची मोहरीएवढी गोळी पुरते.

फूटपट्टी

सगळे तोफा काचेत घालायला निघालेत, खडापहारा यांनी तर खेळायच्या आहेत असं लिहिलंय!

४.७ इंची तोफ ही मुळात खेळायचीच. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’मध्ये हीच जात वापरली: सुमारे इंचभर लांबीचा लाकडी दंडगोल उडवणारी, उंची कमीजास्त करायला स्क्रू असलेली. नियम अजूनही चालण्याजोगे आहेत. तोफेपासून सहा इंचांच्या आत स्वतःचे चार जण असतील तरच ती हलते किंवा उडते. एका चालीत हलवायची किंवा उडवायची, दोन्ही नाही. उडवली तर चारपर्यंत बार. चौघेही घोडेस्वार असतील तर ती दोन फूट जाते, एरवी एक. या एका अटीमुळे गोलंदाज राखणं तोफ राखण्याइतकंच महत्त्वाचं होतं.

पण शिशाच्या रंगीत सैनिकांवर बार करू नका. लाकडी गोळासुद्धा रंगाचा टवका काढतो. लक्ष्य म्हणून प्लास्टिकचे ५४ मिमी सैनिक उभे करा, शिशाचे मागे राखीव. गोळा बांबूच्या काडीचा, दोन्ही टोकं पॉलिश पेपरने गोल. खिळा, छर्रा, शिशाचा तुकडा काहीही नको. टेबलाभोवती सगळ्यांना चष्मा. लहान मुलं खेळायला असतील तर शिशाचे नग बाजूला ठेवा आणि खेळ संपला की सगळ्यांनी साबणाने हात.

डिंकीची २५ पौंडी साधारण १:६० ची, म्हणजे २८ मिमीच्या दुसऱ्या महायुद्धाच्या खेळात डोळ्याला खटकत नाही. ब्रिटन्सबरोबर ती चालणार नाही, तिथे माप १:३२ कडे जातं. दोन वेगळे खेळ समजा.

बैठकीसाठी सगळे लेझरने कापलेला एमडीएफ वापरतात. तासाभराच्या खेळात त्याने काही बिघडत नाही, पण तोफ त्याच बैठकीवर चिकटवून पेटीत गेली तर काचपेटी यांची सगळी मेहनत पाण्यात. ३ मिमी ॲक्रिलिक घ्या. ४.७ साठी ८० × १६० मिमी पुरते, पण चाकांचं अंतर आणि दांडी मोजून ठरवा. दांडीच्या टोकावरून पितळी पट्टीचा एक यू आकाराचा पूल, दोन बारीक स्क्रूंनी, पट्टीखाली पॉलिथिलीनचा तुकडा. तोफ चिकटवायची नाही. टेबलावर नेहमी बैठक धरून सरकवायची, नळी धरून उचलायची नाही. नळीच्या बाजूच्या खुंट्या हाच या तोफांचा पहिला मोडणारा भाग.

रंगाबद्दल कथीलवाल्यांशी पूर्ण सहमत नाही. निम्मा रंग असेल तर हात लावू नका हे बरोबर. पण २० टक्केही रंग उरला नसेल, चाक प्रतीचं, पाय खुंटीचे, तर ती तोफ खेळाची म्हणून रंगवायला काय हरकत? खाली बी-७२ चा एक थर द्या, त्यावर प्रायमर. उद्या कुणाला उतरवायचं झालं तर ॲसिटोनने सगळं एकत्र निघेल. एचिंग प्रायमर शिशावर नको, त्यात आम्ल असतं. आणि जुलैत मॅट वार्निश फवारू नका. आर्द्रता ७५ च्या वर गेली की ते दुधाळ पांढरं बसतं.

कथीलवाला

खाली बी-७२ देणार असाल तर माझी हरकत नाही. फक्त उरलेला २० टक्के मूळ रंग त्या थराखालीच राहू द्या, तो ॲसिटोनला टिकतो का हे आधी तपासून. तळाचा भाग न रंगवता सोडा, मूळ छटा कुठेतरी दिसायला हवी. २५ पौंडीला नवा रंग द्यायचा झालाच तर खेळ कोणत्या वर्षाचा ते आधी ठरवा: ब्रिटिश सैन्यात एप्रिल १९४४ पासून एससीसी (सैन्याच्या ठरीव छद्मरंगांची यादी) १५ हा ऑलिव्ह ड्रॅब, त्याआधी १९४२ च्या सुमारास एससीसी २ तपकिरी. तिच्यावर फासलेला तो पोपटी हिरवा कोणत्याच वर्षाचा नाही.

खडापहारा

२५ पौंडीचा हिरवा निघाला, खालचा रंग ढालीवर जवळजवळ पूर्ण आहे, तेव्हा तिला रंग नाही. १६२ ची मापं घेऊन झाली. ॲक्रिलिकची पेटी सांगितली, सांधे न्यूट्रल सिलिकॉनचे. एकच राहिलं: पेटीवाला म्हणतो सिलिकॉन २४ तासांत सुकतं, लगेच भरू का?

काचपेटी

सुकणं वेगळं, वाफ थांबणं वेगळं. दार उघडं ठेवून तीन-चार आठवडे हवेवर राहू द्या. मग नाक आत घालून पाहा. कसलाही वास आला तर आणखी एक आठवडा, नाही आला तर गळाचं शिसं आत टाका आणि दार लावा.